लटक्या भांडणाची विद्या

एखादा धंदा भरभराटीत असताना त्याची आतली रचना बाहेरच्या माणसाच्या सहसा ध्यानात येत नाही. ती ध्यानात येते तो धंदा मोडल्यावर, आणि तीही अशा एखाद्या कामावरून, की ज्यात साहित्य उंची वापरलेले असते, खर्चाचा हात सढळ असतो, कर्ता जाणकार असतो आणि तरीही तयार वस्तू मनास उतरत नाही. अमेरिकेच्या चित्रपटसृष्टीत स्त्री-पुरुषांच्या खेळकर कलहावर आधारलेला जो प्रणयविनोदाचा प्रकार १९३० नंतरच्या दशकात बहरला, त्याच्या इतिहासात म्हणूनच मला त्यातील यशस्वी कृतींइतकाच एक पडलेला चित्रपट महत्त्वाचा वाटतो. पीटर बोग्दानोविच यांनी १९७५ साली ‘ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्स’ या कंपनीसाठी काढलेला ‘ॲट लाँग लास्ट लव्ह’ हा तो चित्रपट होय. त्यातील नायक-नायिकेचे काम पटत नाही, हा त्याच्यावरचा मुख्य आक्षेप तेव्हाही होता आणि आजही आहे. आक्षेप खरा आहे. परंतु तो दोन नटांच्या खाती मांडून दफ्तर बांधून टाकणे न्यायाचे होणार नाही. ज्या विद्येच्या अभावी ती दोघे उणी पडली, ती विद्या पूर्वी कोठे शिकविली जात असे, कोण शिकवीत असे आणि ती शाळा कधी व कशी बंद पडली, हे पाहिल्याशिवाय या अपयशाचा अर्थ लागत नाही.

या प्रकाराचा मूळ पुरुष शोधू गेल्यास आपल्याला बर्लिनला जावे लागते. एर्न्स्ट लुबिच हा १८९२ साली तेथे जन्मलेला शिंप्याचा मुलगा माक्स राइनहार्टच्या नाटकमंडळीत लहानसहान विनोदी भूमिका करीत वाढला, पुढे दिग्दर्शक झाला आणि १९२२ च्या अखेरीस अमेरिकेत गेला. ‘द मॅरेज सर्कल’ (१९२४), ‘द लव्ह परेड’ (१९२९), ‘ट्रबल इन पॅरडाइज’ (१९३२) या त्याच्या चित्रपटांनी प्रेमाचा विषय अश्रूंच्या प्रांतातून काढून सभ्य थट्टेच्या प्रांतात नेला. त्याची एक सवय त्याच्या समकालीनांनी वारंवार सांगितली आहे. प्रत्येक भूमिका, मग ती नायकाची असो, नायिकेची असो की नुसते दार उघडणाऱ्या चाकराची असो, तो स्वतः नटांपुढे करून दाखवी. भुवई केव्हा वर जावी, पेला ओठाशी नेता नेता हात कोणत्या शब्दावर थबकावा, येथपर्यंतचा तपशील तो अंगाने शिकवीत असे. म्हणजे या प्रकाराच्या जन्माच्या वेळीच दिग्दर्शक हा आपल्या जुन्या नाटकमंडळ्यांतील तालीममास्तराच्या जागी होता.

लुबिचने घातलेल्या या पायावर इमारत चढली ती १९३४ साली, आणि तीही दोन संकटांच्या आधाराने. पहिले संकट महामंदीचे. लोकांच्या हाताला काम नव्हते, बँका बुडालेल्या होत्या, आणि अशा काळी श्रीमंताची लाडावलेली लेक एखाद्या फटकळ बातमीदाराकडून चार गोष्टी शिकते, हे पाहण्यात प्रेक्षकाला एक रास्त समाधान मिळत होते. दुसरे संकट नीतिनियमांचे. चित्रपटधंद्याने स्वतःवर घालून घेतलेली आचारसंहिता १९३४ च्या जुलैपासून जोसेफ ब्रीन यांच्या कचेरीमार्फत कडकपणे अमलात येऊ लागली. आलिंगन किती वेळ, शय्या कोणती, शब्द कोणता, सर्वांवर नजर बसली. जे उघड दाखविता येईना ते भांडणाच्या मिषाने सुचवावे लागले. आणि प्रेम करणारी दोन माणसे दीड तास एकमेकांवर वाग्बाण सोडत राहिली, तरी ती प्रेमातच आहेत हे प्रेक्षकाला पहिल्या पाच मिनिटांत कळावे, ही अवघड जबाबदारी नटांच्या शिरावर आली.

ही जबाबदारी कशी पार पडे, याचा एक नमुना जवळून पाहण्यासारखा आहे. फ्रँक काप्रा यांच्या ‘इट हॅपन्ड वन नाइट’ या १९३४ च्या चित्रपटात घरातून पळालेली धनिककन्या आणि नोकरी गेलेला बातमीदार यांना पावसामुळे प्रवासात एकाच खोलीत रात्र काढावी लागते. बातमीदार दोन खाटांच्या मधून दोरी बांधतो, तिच्यावर कांबळे टाकतो आणि त्या भिंतीला बायबलमधील जेरिको नगरीच्या तटाचे नाव देतो. नायिका जागची हलत नाही असे पाहून तो पुरुष कपडे कोणत्या क्रमाने उतरवतात यावर एखाद्या अध्यापकाच्या गांभीर्याने व्याख्यान देत देत एकेक वस्त्र उतरवू लागतो. आणि व्याख्यान एका नाजूक मुक्कामाला आले की ती झटकन कांबळ्यापलीकडे निघून जाते. प्रसंगात स्पर्श नाही, प्रेमाचा शब्द नाही. क्लार्क गेबलने वाक्ये घाईने टाकली असती, किंवा क्लोदेत कोल्बेरने लाज दाखविण्यात क्षणभर अधिक घेतला असता, तर तो प्रसंग असभ्य तरी झाला असता किंवा निर्जीव तरी. तो दोन्ही झाला नाही, याचे श्रेय त्या दोघांनी परस्परांच्या वाक्यांमधल्या रिकाम्या जागा ज्या अचूकपणे भरल्या त्याला आहे. दोघेही चित्रपटात येण्यापूर्वी रंगभूमीवर वर्षानुवर्षे राबलेले होते. या चित्रपटाला ऑस्करची पाचही मुख्य पारितोषिके मिळाली. आणि राज कपूर व नर्गिस यांच्या ‘चोरी चोरी’मुळे (१९५६) ही गोष्ट आपल्याकडेही घरोघर पोहोचली.

रंगभूमीवर राबलेले, हा शब्द मी मुद्दाम योजला आहे. त्या दशकातील प्रणयविनोदी नटनट्यांची पूर्वपीठिका तपासली तर त्यांतील बहुतेकांच्या पायाला नाटकाची, व्हॉडव्हिलच्या खेळांची किंवा मूकपटांतील धावपळीची धूळ लागलेली आढळते. केरी ग्रँट याचे मूळ नाव आर्चिबाल्ड लीच. ब्रिस्टलचा हा गरीब मुलगा बॉब पेंडरच्या कसरतपटूंच्या टोळीत शिरला, तिच्याबरोबर १९२० साली न्यूयॉर्कला आला, उंच काठ्यांवर चालण्याची कामे केली, आणि पडावे कसे, सावरावे कसे, हे अंगात मुरल्यानंतर, १९३२ साली, चित्रपटात आला. कॅरोल लोम्बार्ड मॅक सेनेटच्या थट्टापटांत ठेचा खाऊन तयार झाली. आयरीन डन ही शास्त्रशुद्ध शिक्षण घेतलेली गायिका, संगीतिकांबरोबर गावोगाव हिंडलेली. लिओ मॅकॅरी याने ‘द ऑफुल ट्रुथ’ (१९३७) करताना सकाळी पियानोवर बसून प्रसंग सुचवावेत आणि नटांनी ते तेथल्या तेथे उभे करावेत, अशी रीत ठेवली. ग्रँट त्या अनिश्चिततेने इतका घाबरला, की त्याने चित्रपटातून मोकळे होण्याची परवानगी मागितली. ती मिळाली नाही, आणि पुढे आयुष्यभर ज्या सहजतेसाठी त्याची वाहवा झाली ती त्याला त्या सक्तीच्या कामात गवसली.

सर्वांत बोधप्रद हकिकत मात्र कॅथरीन हेपबर्नची आहे. १९३८ च्या ‘ब्रिंगिंग अप बेबी’च्या चित्रीकरणाच्या आरंभी ही बुद्धिमती नटी विनोद करण्याचा प्रयत्न करीत होती, आणि तो प्रयत्न दिसत होता, स्वतःच्याच वाक्यावर ती आधी हसे आणि हशा मरून जाई. दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्स याने तिला उपदेश केला नाही. त्याने वॉल्टर कॅटलेट या व्हॉडव्हिलमधील मुरलेल्या विनोदी नटाला तिला शिकविण्यासाठी बोलावले. कॅटलेटने तिच्यापुढे प्रसंग केला तो अत्यंत गंभीरपणे, जणू प्राणावर बेतले आहे अशा तळमळीने. हेपबर्नला गुरुमंत्र मिळाला: विनोदी पात्राला आपण विनोदी आहोत याची वार्ता असता कामा नये. तिने त्या माणसाला चित्रपटातच ठेवून घेण्याचा आग्रह धरला, आणि तो त्यात पोलीस अंमलदाराच्या भूमिकेत दिसतो. चित्रपटाने त्या वेळी तोटा दिला, त्याच वर्षी थिएटरमालकांनी हेपबर्नचे नाव गल्ल्याला घातक नटांच्या यादीत घातले. परंतु काळाने निकाल फिरविला, आणि आज त्या प्रकारातील उत्कृष्ट कृतींत त्याची गणना होते. पुढे तिने ‘द फिलाडेल्फिया स्टोरी’ ही विनोदिका १९३९ साली ब्रॉडवेवर चारशेहून अधिक प्रयोग करून घासूनपुसून घेतली आणि मगच, १९४० साली, ती पडद्यावर आणली. मार्क्स बंधूंनी तर १९३५ साली ‘अ नाइट ॲट द ऑपेरा’मधील प्रसंग चित्रीकरणापूर्वी गावोगावच्या प्रेक्षकांपुढे करून कोणत्या वाक्याला हशा किती वेळ टिकतो याचा हिशेब ठेवला होता. त्या काळच्या मोठ्या कंपन्या नटांना सात-सात वर्षांच्या करारांनी बांधीत. या करारांत गुलामगिरीचा अंश होता आणि अनेक नट त्याविरुद्ध झगडले, हे विसरता येत नाही. परंतु त्याच करारांच्या आश्रयाने कंपनीच्या पगारावर अभिनयशिक्षक राहात, नव्या नटांना वर्षाला चार-पाच चित्रपटांतून घासले जाई, आणि तीच ती दुय्यम नटमंडळी पुन्हापुन्हा भेटल्यामुळे परस्परांचा ताल जमत जाई.

मराठी वाचकाला हे सर्व परके वाटण्याचे कारण नाही. गोविंद बल्लाळ देवल यांनी मोलिएरच्या मूळ विनोदिकेचा आर्थर मर्फीच्या इंग्रजी रूपांतरावरून जो मराठी संसार थाटला आणि जो १९१६ साली ‘संगीत संशयकल्लोळ’ या नावाने रंगभूमीवर आला, त्यातील अश्विनशेठ आणि रेवती यांचे रुसवेफुगवे हाच प्रणयविनोद होय. आणि देवलांची कीर्ती नाटककार म्हणून जितकी, तितकीच तालीम देणारे गुरू म्हणून होती. हॉक्स न्यूयॉर्कच्या जुन्या नटाला हेपबर्नची शिकवणी देत होता त्याच सुमारास, म्हणजे १९३८ साली, कोल्हापुरात हंस कंपनीचा ‘ब्रह्मचारी’ पडद्यावर आला. त्याचे लेखक आचार्य अत्रे ‘साष्टांग नमस्कार’सारख्या नाटकांतून हशाची नाडी ओळखून आलेले, त्यात काम करणारे दामूअण्णा मालवणकर रंगभूमीवर मुरलेले, आणि नायक मास्टर विनायक स्वतःच दिग्दर्शक. त्याची नायिका मीनाक्षी हिच्या पोहण्याच्या पोशाखाची चर्चा पुष्कळ झाली. परंतु नायकाचा ब्रह्मचर्याचा निर्धार विनायकांनी ज्या निष्पाप गांभीर्याने वठविला, त्याच्याशिवाय तो पोशाख चित्रपटाला तारू शकला नसता. हेपबर्नला जे कॅटलेटकडून समजले, ते कोल्हापूरच्या मंडळींना नाटकमंडळ्यांच्या बिऱ्हाडांतून वारशाने आलेले होते.

अमेरिकेतील वारसा मात्र तुटत गेला. न्यूयॉर्कचे ‘पॅलेस’ हे व्हॉडव्हिलचे अग्रपीठ १९३२ सालीच चित्रपटगृह बनले. म्हणजे ज्या झऱ्यावर हा प्रकार पोसला तो झरा प्रकार भरात येण्याच्या आधीच आटू लागला होता, आणि पुढची वीस वर्षे साठवणीच्या पाण्यावर गेली. १९४८ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने पॅरामाउंट प्रकरणात निकाल देऊन चित्रपट काढणाऱ्या कंपन्यांकडून त्यांची चित्रपटगृहे सोडविली. खात्रीचा गल्ला गेला, पाठोपाठ दूरदर्शन आले, कंपन्यांनी कायमचे करार आवरते घेतले, आणि करारांबरोबर पगारी शिक्षक व नित्याच्या दुय्यम नटांचे ताफेही विसर्जित झाले. प्रत्येक चित्रपटासाठी माणसे नव्याने गोळा होऊ लागली. मक्तेदारी मोडली ही गोष्ट न्यायाचीच झाली. परंतु तिच्या छायेत जी शाळा चालली होती तिची दुसरी व्यवस्था कोणी केली नाही.

अशा वेळी बोग्दानोविच पुढे आला. हा तरुण आधी चित्रपटांचा अभ्यासक. त्याने हॉक्स, जॉन फोर्ड, ऑर्सन वेल्स अशा बुजुर्गांच्या मुलाखती घेतल्या होत्या, त्यांच्यावर लिहिले होते. ‘द लास्ट पिक्चर शो’ने (१९७१) त्याचे नाव झाले आणि लगेच १९७२ साली ‘व्हॉट्स अप, डॉक?’ हा ‘ब्रिंगिंग अप बेबी’च्या धर्तीवरचा चित्रपट काढून त्याने मोठा पैसा व लौकिक मिळविला. त्या यशाने त्याला असे वाटले असावे, की जुन्या प्रकाराची किल्ली आपल्या हाती आली आहे. परंतु त्या चित्रपटाची नायिका बार्ब्रा स्ट्रायसंड ही ब्रॉडवेवर प्रेक्षकांच्या डोळ्याला डोळा भिडवून घडलेली, आणि दुय्यम नायिका मॅडलिन काहन हीही रंगभूमीचीच कन्या होती, ही गोष्ट त्याच्या नजरेतून निसटली.

‘ॲट लाँग लास्ट लव्ह’ची मांडणी कागदावर मोहक आहे. १९३० नंतरचे न्यूयॉर्क, एक कंटाळलेला लक्षाधीश, एक कफल्लक झालेली धनिककन्या, एक रंगभूमीवरील तारका, एक इटालियन जुगारी. या चौघांच्या जोड्या जुळतात, अदलाबदल होते, मत्सर होतो. कोल पोर्टर या थोर गीतकार-संगीतकाराची दीड डझनाच्या घरातील गाणी कथेत गुंफलेली. सर्व नेपथ्य व वेषभूषा काळ्या, पांढऱ्या आणि रुपेरी छटांत ठेवून रंगीत फिल्मवर जुन्या कृष्णधवल चित्रपटांचा भास उत्पन्न केलेला. छायाचित्रण लास्लो कोवाचसारख्या श्रेष्ठ कलावंताचे. खर्च साठ लाख डॉलरांच्या आसपास. बोग्दानोविचने आणखी एक धाडस केले. लुबिचच्या पहिल्या बोलपटांप्रमाणे गाणी चित्रीकरणाच्या वेळीच, नटांच्या तोंडून प्रत्यक्ष घ्यावयाची असे त्याने ठरविले. नटांच्या कानात लहानसे ग्राहकयंत्र बसविले, त्यातून पियानोची साथ त्यांना ऐकू जाई, आणि वाद्यवृंद मागाहून जोडला जाई. नृत्ये व गीते लांबलचक, अखंड चित्रणांत टिपली, की ज्यात संकलनाच्या कात्रीला चूक झाकण्यास वाव राहू नये.

हा सारा डोलारा ज्यांच्या खांद्यांवर उभा करावयाचा, ते नायक-नायिका होते बर्ट रेनॉल्ड्स आणि सिबिल शेपर्ड. रेनॉल्ड्स हा धाडसी, मर्दानी भूमिकांसाठी १९७२ च्या ‘डिलिव्हरन्स’पासून गाजलेला नट, शेपर्ड ही जाहिरातींच्या छायाचित्रांतून आलेली रूपवती, जिचा चित्रपटातील अनुभव चार वर्षांचाही पुरता नव्हता. पोर्टरची गाणी एथेल मर्मनसारख्या, शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोहोचविणाऱ्या गळ्यांसाठी आणि फ्रेड ॲस्टेअरसारख्या, बालपणापासून मंचावर वाढलेल्या पावलांसाठी लिहिलेली होती. या दोघांना ती पेलली नाहीत. चित्रपट पाहताना रेनॉल्ड्सच्या चेहऱ्यावर पुढील ओळ आठवण्याची चिंता उमटते. शेपर्ड सूर धरते, पण शब्दांतील खोडकरपणा सुराच्या काळजीखाली दडपून जातो. पावले मोजून पडतात, आणि अखंड चित्रणामुळे ते मोजणे लपत नाही. परंतु मुख्य उणीव गाण्यात किंवा नाचण्यात नाही. ती दोघे बोलत असताना एकमेकांचे ऐकत आहेत असे वाटत नाही. प्रत्येकजण आपले वाक्य तयार ठेवून पाळीची वाट पाहतो, आणि जेथे दोन माणसांमध्ये ठिणगी उडावयाची तेथे दोन स्वतंत्र पाठांतरे शेजारी शेजारी उभी राहतात. प्रेमकलहात नाटकीपणा चालतो. पाठांतर चालत नाही.

आणि त्याच चित्रपटात पुरावा दुसऱ्या बाजूनेही मिळतो. त्यात जी कामे पटतात ती कोणाची? तारकेची भूमिका करणाऱ्या मॅडलिन काहनची, जिने गायनाचे रीतसर शिक्षण घेऊन मंचावर उमेदवारी केलेली. दासीच्या भूमिकेतील एलीन ब्रेननची, जी न्यूयॉर्कच्या संगीतिकांत नावाजलेली. तिच्या पाठलागातून निसटू पाहणाऱ्या खानसाम्याचे काम करणाऱ्या जॉन हिलरमनची आणि मिल्ड्रेड नॅटविकची, जी १९३२ पासून ब्रॉडवेवर वावरत होती. दासी आणि खानसामा यांच्या दोन-चार ओझरत्या प्रसंगांत जो खरा प्रणयविनोद झळकतो, तो मुख्य जोडीच्या वाट्याला आलेल्या दीर्घ प्रसंगांत अभावानेच सापडतो. दिग्दर्शक तोच, लेखणी तीच, नेपथ्य तेच, फरक तालमीचा.

१९७५ च्या मार्चमध्ये चित्रपट प्रदर्शित झाला आणि समीक्षकांनी तो निर्दयपणे झोडपला. गल्ला खर्चाच्या मानाने अत्यल्प जमला. प्रदर्शनापूर्वी घाईघाईने केलेल्या काटछाटीने त्याचे रूप आणखी बिघडले होते, हे पुढे उघड झाले. कंपनीतील एका संकलकाने स्वतःच्या आवडीने जुळविलेली निराळी प्रत अनेक वर्षांनी प्रचारात आली, बोग्दानोविचलाही ती पसंत पडली, आणि २०१३ साली ती रीतसर प्रकाशित झाली. त्या प्रतीत चित्रपट अधिक सुसंगत वाटतो, काही रसिकांनी त्याची नव्याने कदर केली, आणि ती कदर सर्वस्वी अस्थानी नाही. तथापि कात्री कितीही कुशल असली तरी नटांमध्ये जे घडलेच नाही ते तिला घडविता येत नाही.

या दोन नटांची पुढील कारकीर्द लक्षात घेतल्याशिवाय मात्र हा निवाडा पुरा होत नाही. रेनॉल्ड्सने १९७९ च्या ‘स्टार्टिंग ओव्हर’मध्ये घटस्फोटित प्रियकराचे काम इतक्या संयमाने केले, की पूर्वीचे टीकाकारही वळले. शेपर्डने मधल्या वर्षांत हॉलिवुडच्या झगमगाटापासून दूर रंगभूमीवर कामे केली आणि १९८५ साली सुरू झालेल्या ‘मूनलायटिंग’ या दूरदर्शनमालिकेत, ब्रूस विलिसबरोबर, हॉक्सच्या चित्रपटांची आठवण व्हावी अशा वेगाने व अचूकतेने भांडून दाखविले. त्या कामासाठी तिला दोनदा गोल्डन ग्लोब पारितोषिक मिळाले. म्हणजे गुण दोघांतही होता. १९७५ साली त्यांच्यापाशी नव्हता तो कॅटलेट, नव्हते ते चारशे प्रयोग, नव्हती ती हशाला किती थांबावयाचे हे शिकविणारी गावोगावची वणवण. ज्या दिग्दर्शकाने गुरूंच्या मुलाखती घेतल्या होत्या, त्याने गुरूंची दृश्ये उचलली, प्रकाश उचलला, गाणी उचलली. त्यांची शिकवणी तेवढी उचलली नाही, कारण ती पडद्यावर दिसत नव्हती.

आज मराठीत प्रणयविनोदी चित्रपट वर्षाकाठी अनेक निघतात. त्यांत परदेशातील चित्रीकरण असते, गाण्यांवर खर्च असतो, पोशाख निवडक असतात, आणि नायक-नायिका पुष्कळदा पहिल्या दिवशीच्या चित्रीकरणात एकमेकांना प्रथम नीट भेटतात. आपल्याकडे अद्याप रंगभूमी जिवंत आहे, एकांकिकांच्या स्पर्धांत घासलेली मुले-मुली आहेत, शेकडो प्रयोगांत हशाची नाडी ओळखलेले ज्येष्ठ नट आहेत. अमेरिकेने जे गमावले ते आपण अजून सर्वस्वी गमावलेले नाही. निर्मात्यांना माझी विनंती एवढीच आहे, की अंदाजपत्रक आखताना परदेशवारीच्या आधी तालमीच्या महिन्याभराची तरतूद करावी, आणि त्या तालमीला एखादा मुरलेला विनोदी नट पगारी शिक्षक म्हणून बसवावा. प्रणयविनोदात प्रेक्षक पैसे देतो ते दोन माणसांवर विश्वास ठेवता यावा म्हणून. तो विश्वास विकत आणता येत नाही, तो तालमीतच तयार करावा लागतो.